पडक्या किल्ल्याच्या दगडांतून उभी राहिलेली वेस कशी पाहावी

मुंबईचा कोट पाडून दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याचे दरवाजे आपल्या बोलण्यातून गेलेले नाहीत. सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा चर्च गेट १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, तटबंदीबरोबर जमीनदोस्त झाला. त्याच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले आणि दरवाजाचे नाव पुढे रेल्वे स्थानकाला चिकटले. नाव उरले, पण दगड गेले कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. घडीव दगड ही टाकून देण्याची वस्तू कधीच नव्हती. खाणीतून फोडायचा, पाथरवटाकडून घडवून घ्यायचा, बैलगाडीने किंवा मचव्याने वाहून आणायचा, ह्या तिन्ही कामांची मजुरी कोणीतरी आधीच मोजलेली असते. त्यामुळे पडक्या किल्ल्याशेजारी जो नवे बांधकाम काढी, तो खाणीकडे वळण्याआधी ढिगाऱ्याकडे पाही. त्यातही निवडक चिरे दरवाजाच्या वाट्याला येत, कारण दाराचा धक्का, कमानीचा भार आणि येणाऱ्याची पहिली नजर ही तिन्ही तिथेच पडत. तटाची भिंत गोळा केलेल्या धोंड्यांनी भागते. दरवाजाच्या चौकटीला कोन साधलेला दगडच लागतो.

म्हणूनच मुंबईच्या आसपासची जुनी वेस पाहताना ‘ही कोणी बांधली?’ ह्यापेक्षा ‘हिचा कोणता दगड कुठून आला?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. त्याचे उत्तर शोधण्याचा एक क्रम आहे: आधी सांधे, मग छिन्नीचे घाव, मग शिलालेख, त्यानंतर चुना आणि सगळ्यांत शेवटी माहितीफलक व ऐकीव कथा. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. फलक आधी वाचतात आणि मग दगडात तेच शोधत बसतात. तसे केल्यास फलकावर नसलेले काहीही दिसत नाही.

आधी डोळा तयार करावा

पुनर्वापराचा दगड ओळखायचा असेल, तर त्याआधी पहिल्यांदाच वापरलेला दगड कसा दिसतो हे डोळ्यांत बसले पाहिजे. त्यासाठी मुंबईत गेटवे ऑफ इंडियापेक्षा सोयीची जागा नाही. ३१ मार्च १९१३ रोजी त्याची पायाभरणी झाली, जॉर्ज विटेट ह्यांच्या आराखड्याला पुढच्या वर्षी मान्यता मिळाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी ते खुले झाले. सगळा पिवळसर बेसाल्ट ह्याच कामासाठी काढलेला आणि ह्याच कामासाठी घडवलेला आहे. जाळ्या तेवढ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या आहेत.

तिथे सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीकडे पाठ करून एखाद्या खांबाच्या खालच्या पाच-सहा थरांकडे पाच मिनिटे पाहावे. थरांच्या आडव्या रेषा कोपऱ्याला वळसा घालून त्याच उंचीवर पुढे जातात. सांध्यांची जाडी जवळजवळ एकसारखी राहते. कोपऱ्याचा दगड कोपऱ्यासाठीच कापलेला असतो, कुठला तरी लांब दगड तोडून तिथे बसवलेला नसतो. नक्षीची पट्टी एका दगडावर संपत नाही, ती सांध्यावरून शेजारच्या दगडावर नेमकी त्याच ओळीत सरकते. कमानीतला प्रत्येक पाचरीसारखा दगड त्याच कमानीच्या गोलाईला जुळतो. ही नजर एकदा तयार झाली, की ह्यातले काहीही कुठे मोडलेले असल्यास ते लगेच खटकू लागते, आणि खटकणे हीच आपल्या तपासाची सुरुवात असते.

सोबत काय न्यावे

फार काही लागत नाही. मोजपट्टी, वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि एक साधा विजेरी दिवा एवढे पुरे. दिवा मोबाइलचा चालतो, पण तो दगडावर सरळ न रोखता भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. सरळ उजेडात सपाट दिसणारा दगड तिरप्या उजेडात छिन्नीची प्रत्येक ओळ सावलीने दाखवतो. सूर्यप्रकाशाचेही तेच. पूर्वेकडे तोंड असलेला दरवाजा सकाळी उशिरा आणि पश्चिमेकडचा दुपारी लवकर पाहिल्यास ऊन भिंतीला घासून जाते. पावसाळ्यात जाऊ नये, कारण शेवाळ आणि रानटी वेली सांधे झाकून टाकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. तारेचा ब्रश, खडू, सुरी ह्यांपैकी काहीही पिशवीत असू नये. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू घासण्याची जुनी खोड अजून पुष्कळांना आहे, आणि तिने दगडाचे नुकसान होते.

वेशीसमोर उभे राहिल्यावर

आधी लांब उभे राहावे. दरवाजाची पूर्ण उंची एका नजरेत मावेल इतके मागे जाऊन फक्त आडव्या रेषा पाहाव्यात. नव्याने काढलेल्या दगडाचे थर सहसा एका उंचीचे असतात, निदान एका थरात तरी उंची बदलत नाही. ढिगाऱ्यातून आणलेल्या चिऱ्यांची उंची मुळातच वेगवेगळी असल्याने गवंड्याला थर पुन्हा समपातळीत आणण्यासाठी मध्ये पातळ कपच्या घालाव्या लागतात. एखादा थर चालता चालता अचानक दोन पातळ थरांत फुटतो आणि काही हातांवर पुन्हा एक होतो, असे दिसले तर ती जागा वहीत टिपून ठेवावी. ह्यावरून अजून काही सिद्ध झालेले नसते, कारण घाईत झालेल्या बांधकामातही असे होते. पण पुढचे पुरावे कुठे शोधायचे ते कळते.

मग कमानीकडे वळावे, कारण कमान सहसा खोटे बोलत नाही. कमानीचे दगड पाचरीसारखे, वर रुंद आणि खाली अरुंद कापलेले असतात, आणि ही निमुळती चढण कमानीच्या गोलाईनुसार ठरते. लहान कमानीसाठी कापलेले, म्हणजे अधिक निमुळते दगड मोठ्या कमानीत बसवले, तर ते वरच्या कडेला एकमेकांना टेकतात आणि खालच्या बाजूला फटी उरतात. उलट मोठ्या कमानीचे किंवा साधे चौकोनी दगड लहान कमानीत घातले, तर खालच्या कडा टेकतात आणि वर चुन्याने भरलेल्या त्रिकोणी फटी दिसतात. दहा-बारा सांध्यांची जाडी वर आणि खाली मोजली, की कमान तिच्याच दगडांची आहे की उसन्या दगडांची, ह्याचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज येतो. जमिनीवरून मोजता येत नसल्यास मोबाइलने समोरून छायाचित्र घेऊन ते मोठे करून पाहावे. शिडी लावण्याचा किंवा भिंतीवर चढण्याचा विचारही करू नये.

त्यानंतर चौकटीजवळ जावे आणि एकेका चिऱ्याकडे पाहावे. मुंबई आणि उत्तर कोकणच्या परिसरात प्रामुख्याने काळा बेसाल्ट, मालाडकडचा पिवळसर दगड आणि कोकणातून येणारा जांभा दिसतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो, त्यामुळे त्यावर बारीक नक्षी फारशी करीत नाहीत. नक्षीसाठी बेसाल्ट निवडला जातो. हाच नियम गोव्यात स्पष्ट दिसतो: जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेचा मुख्य भाग जांभ्याचा आहे, पण त्यावरचे नक्षीकाम वसईहून जहाजाने नेलेल्या बेसाल्टचे आहे. दगड इतका लांब प्रवास करीत असेल, तर शेजारच्या पडक्या वाड्यातून दोनशे पावलांवर जाणे त्याला काहीच अवघड नाही. म्हणून एकाच चौकटीत एका बाजूला बेसाल्ट आणि दुसऱ्या बाजूला जांभा असे विनाकारण मिश्रण दिसले, तर त्याची दखल घ्यावी.

पुढची पायरी छिन्नीच्या घावांची. प्रत्येक पाथरवटाची आणि प्रत्येक काळाची हाताची एक चाल असते: कुठे सबंध तोंडावर बारीक समांतर ओळी, कुठे कडेने गुळगुळीत पट्टी आणि मध्ये टोचलेला खडबडीत भाग, कुठे फक्त ठोकून सपाट केलेले तोंड. शेजारशेजारच्या दगडांवर वेगवेगळ्या चाली दिसल्या, तर दोन कारागीर एकत्र काम करीत होते असेही म्हणता येते. पण एकाच दगडाच्या दोन बाजूंवर दोन चाली दिसल्या, म्हणजे एका बाजूला जुनी बारीक घडाई आणि दुसऱ्या बाजूला नुसते ठोकून तोडलेले तोंड, तर तो दगड दोनदा घडवला गेला आहे, ह्याबद्दल फारसा संशय राहत नाही.

आता पुराव्यांतला सर्वांत बोलका प्रकार, निरुद्योगी खाचा. दरवाजाला अनेक खाचा लागतात आणि प्रत्येकीचे काम ठरलेले असते. दार फिरण्यासाठी उंबरठ्यात आणि वरच्या दगडात समोरासमोर खोलगट उखळ्या हव्यात. आतून अडसर सरकवण्यासाठी एका बाजूच्या भिंतीत खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ खोबण हवी. दगड एकमेकांत अडकवायचे असल्यास शिशाने बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या जागा हव्यात. ह्या सगळ्यांची यादी करून झाल्यावर ज्या खाचेचे काहीही काम दिसत नाही, ती त्या दगडाच्या आधीच्या जन्मातली आहे असे समजावे. अडसराची खोबण गुडघ्याच्या उंचीवर आणि समोर तिची जोडीदार नाही; उखळी भिंतीच्या बाहेरच्या तोंडावर, जिथे दारच नव्हते; किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीत असा एक चिरा, ज्याच्या पाठीला खुंटी बसवण्यासाठी पाडलेले चौकोनी भोक आहे. हा शेवटचा प्रकार महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा, कारण यादवकालीन आणि शिलाहारकालीन मंदिरे बहुधा चुन्याशिवाय, दगडाला दगडाची खाच आणि खुंटी जुळवून उभारलेली असत. असा चिरा चुन्याच्या भिंतीत आढळला, तर तो कुठल्यातरी सुट्या झालेल्या, जुन्या बांधणीतून आला असण्याची शक्यता मोठी असते.

नक्षी आणि अक्षरे असलेले दगड ओळखायला सोपे असतात, म्हणूनच त्यांच्यामुळे फसायलाही होते. फुलपट्टी उलटी बसवलेली असेल, आडव्या पट्टीचा तुकडा उभा लावलेला असेल किंवा नक्षी सांध्यावर अर्धवट तुटून शेजारच्या दगडावर पुढे जातच नसेल, तर तो दगड तिथला नाही. अक्षरे आडवी किंवा उलटी असतील तरीही तेच. पोर्तुगीज चर्चमध्ये मृतांच्या शिळा जमिनीत बसवण्याची पद्धत होती. वसईच्या चर्चांमध्ये पोर्तुगीज लेख असलेल्या अशा शिळा आजही आहेत. तसा लेख जमिनीऐवजी भिंतीत आडवा दिसला, तर त्याची मूळ जागा अंदाजाने सांगता येते.

शेवटी चुना. किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना सर्रास वापरला जाई, त्यामुळे जुन्या सांध्यांत कधी कधी न जळालेल्या शिंपल्याचे पांढरे तुकडे दिसतात. चुना पिवळसर-पांढरा, किंचित भुसभुशीत आणि दगडापेक्षा मऊ असतो. सिमेंट राखाडी, टणक आणि बहुधा दगडाच्या कडेवर आलेले असते. भिंतीतला सिमेंटचा भाग आधी ओळखून बाजूला काढावा, कारण तो गेल्या काही दशकांतल्या दुरुस्तीचा असतो आणि त्यातले दगड कुठूनही उचलून लावलेले असू शकतात. मूळ सांध्यात एका जातीचा चुना आणि एखाद्या दगडाच्या पाठीला चिकटून राहिलेला दुसऱ्या रंगाचा जुना चुना दिसला, तर त्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

वसई: हा क्रम प्रत्यक्षात

हे सगळे करून पाहण्यासाठी मुंबईकराला वसईचा किल्ला सर्वांत सोयीचा. चर्चगेटहून विरार गाडीने वसई रोडला उतरावे, पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने किल्ल्यात जावे. रस्ता किल्ल्याच्या आतून पुढे बंदराकडे जातो. उन्हाच्या वेळी टोपी विसरू नये, आत सावली कमी आहे.

वसईचा इतिहास थरांचाच आहे. गुजरातच्या सुलतानाकडे असलेली इथली तटबंदी नूनो द कुन्या ह्या पोर्तुगीज गव्हर्नरने १५३३ मध्ये हल्ला करून उद्ध्वस्त केली. पुढच्या वर्षी, डिसेंबर १५३४ मध्ये, सुलतान बहादूरशाहने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर त्यांनी आपला किल्ला उभारायला सुरुवात केली. आधी लहान, मजबूत बालेकिल्ला झाला. पुढच्या दशकांत त्याच्याभोवती शहराला वेढणारी विस्तीर्ण तटबंदी आणि तिचे बुरूज आले. म्हणजे बालेकिल्ला उभा राहिला तेव्हा शेजारी नुकत्याच पाडलेल्या तटाचा ढिगारा होता, हे इथे पाऊल ठेवण्याआधी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बालेकिल्ल्याच्या दरवाजासमोर उभे राहून वरचा क्रम लावताना मनात नेमका हाच प्रश्न असावा: ह्या चौकटीतले किती दगड बहादूरशाहाच्या ढिगाऱ्यातून आले असतील? उत्तर आधी ठरवून जाऊ नये. सांधे, घाव आणि खाचा जेवढे सांगतील तेवढेच वहीत यावे.

दरवाजावर पोर्तुगालचे राजचिन्ह आहे. ते पाहताना थोडा वेळ द्यावा. मोठ्या ढालीच्या आत पाच लहान ढाली क्रॉसच्या आकारात मांडलेल्या असतात आणि भोवतीच्या पट्टीत किल्ल्यांच्या आकृती असतात. त्यासोबत वर्तुळांनी बनलेला गोल, म्हणजे आकाशगोलाचे यंत्र, हेही पोर्तुगीज सत्तेचे ठरलेले चिन्ह. राजचिन्हाचा दगड आणि त्याच्या भोवतीचा दगड ह्यांच्यातला सांधा विशेष काळजीने पाहावा. राजचिन्ह हा दरवाजाचा भाग म्हणून एकत्र घडवलेला असतो, किंवा वेगळ्या दगडावर कोरून नंतर भिंतीत बसवलेला असतो, आणि सांध्याची जाडी हे सांगते. दुसऱ्या प्रकारात दरवाजाची तारीख राजचिन्हावरून ठरवणे धोक्याचे.

तारखेच्या बाबतीत सेंट जोसेफ चर्चचा लेखही शहाणे करतो. हे चर्च सोळाव्या शतकातले, पण त्यावरचा लेख १६०१ मध्ये, आर्चबिशप आलेशो द मेनेझिस ह्यांच्या काळात, त्याची पुनर्बांधणी झाल्याचे सांगतो. लेख बांधकामाचे शेवटचे मोठे वळण सांगतो, पहिले नव्हे. दरवाजावरच्या लेखालाही हेच लागू होते.

त्यानंतर सागरी दरवाजा आणि जमिनीकडचा दरवाजा पाहावा. इथे आणखी एक थर येतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी दीर्घ वेढ्यानंतर वसई घेतली. सुरुंगांनी बुरुजांना भगदाडे पाडली गेली आणि पोर्तुगीजांनी अटींवर किल्ला सोडला. भगदाडे तशीच ठेवून किल्ला राखता येत नाही, त्यामुळे डागडुजी झाली असणारच, आणि अशा दुरुस्तीला हाताशी असलेला दगडच लागतो. पुढे डिसेंबर १७८० मध्ये ब्रिटिशांच्या जनरल गॉडर्डने वसई जिंकली, सालबाईच्या तहानंतर ती मराठ्यांकडे परतली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ब्रिटिशांशी जो तह केला तोही वसईचाच. इतक्या हातांतून गेलेल्या तटाची डागडुजी एका प्रकारची असेल अशी अपेक्षा करू नये. तटाच्या एखाद्या भागात चांगल्या घडीव चिऱ्यांच्या मधोमध गोळा केलेल्या धोंड्यांचा पट्टा दिसला, तर आधी त्याच्या दोन्ही कडा शोधाव्यात. जुन्या भिंतीची तुटलेली, दातेरी कड आणि तिला टेकवलेली नवी भिंत ओळखता आली, तर पट्टा दुरुस्तीचा आहे हे ठरते. कोणाच्या दुरुस्तीचा, हे ठरवायला चुना लागेल.

किल्लाबंदरच्या कोळीवाड्यातील वडीलधाऱ्या माणसांशी बोलावे. ‘काका, ह्या दरवाजाला तुम्ही काय म्हणता?’ एवढ्या एका प्रश्नातून फलकावर नसलेले नाव, बंद झालेली वाट किंवा ‘इथले दगड अमक्या विहिरीला गेले’ अशी आठवण मिळू शकते. ती आठवण पुरावा नसते, पण कुठे पाहायचे ते ती दाखवते.

दगडांखेरीज वसईहून गेलेल्या इतर वस्तूही आहेत. विजयानंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली आणि वाईजवळच्या मेणवलीतली घंटा वसईच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. घंटेवर साल कोरलेले असते, त्यामुळे तिचा जन्म शोधता येतो. चिऱ्याला ही सोय नाही, म्हणून एवढा खटाटोप.

अर्नाळा, वांद्रे आणि दरवाजाच नसलेला किल्ला

वसईनंतर वेळ असेल, तर विरारहून अर्नाळ्याला जाऊन होडीने बेटावर उतरावे. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी हे बेट १७३७ मध्ये घेतले आणि तिथला किल्ला नव्याने बांधला. त्याच्या मुख्य दरवाजावर हत्ती आणि वाघांसारख्या प्राण्यांचे शिल्प आहे आणि देवनागरी लेखात बाजीरावाचे नाव आहे. वसईचे राजचिन्ह आणि हा लेख एकाच आठवड्यात पाहिल्यास एकाच किनाऱ्यावरच्या दोन सत्ता दरवाजावर आपली ओळख कशी मांडत, ह्याची तुलना आपोआप होते.

वांद्र्याचा किल्ला, पोर्तुगीजांचा १६४० मधला कास्तेला द अगुआदा, लांब जायला वेळ नसलेल्यांसाठी ठीक आहे. मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिशांनी १७३९ मध्ये तो पाडला, त्यामुळे तिथे अर्धवट उभ्या भिंती आणि बरीच आधुनिक दुरुस्ती आहे. सिमेंट ओळखण्याचा सराव करायला जागा चांगली.

धारावीचा काळा किल्ला मात्र वेशीच्या अभ्यासकाला निराश करतो. १७३७ मध्ये गव्हर्नर जॉन हॉर्नच्या आज्ञेने बांधल्याचा लेख त्याच्या भिंतीवर आहे, पण आत जायला दरवाजाच नाही. शिडी लावून चढावे लागे. ज्याला वेस नाही त्याची वेस वाचता येत नाही, एवढेच.

बाँबे कॅसल, दुरूनच

मुंबईतली सर्वांत जुनी वेस मात्र सहज पाहता येत नाही. सोळाव्या शतकात मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्यांचा वाडा टाउन हॉलच्या मागच्या बाजूला होता. १६६५ मध्ये बेट इंग्रजांकडे आले, १६६८ मध्ये ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाले, आणि त्या वाड्याभोवती तटबंदी करून बाँबे कॅसल तयार झाला. त्याचे अवशेष आणि पोर्तुगीज काळातला दरवाजा आज नौदलाच्या आय. एन. एस. आंग्रे ह्या आस्थापनेच्या आवारात आहेत. दरवाजावर सैनिकांच्या आकृती कोरलेल्या आहेत. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि बाहेरून छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न करू नये. ज्यांना विशेष रस आहे त्यांनी अभ्याससंस्थेमार्फत रीतसर परवानगी मागावी. ती मिळाली तर दिवसभर तिथेच राहावे, कारण एका वाड्याचा दरवाजा किल्ल्याचा दरवाजा कसा होतो, ह्याचे उदाहरण दुसरे नाही.

घाईने काढलेले निष्कर्ष

तीन चुका वारंवार होतात. पहिली, प्रत्येक पुनर्वापराला विध्वंसाची कथा जोडणे. पडलेल्या इमारतीचा दगड उचलणे हे युद्धानंतर जितके होई तितकेच भूकंप, पूर किंवा नुसत्या दुर्लक्षानंतरही होई. दगडावरची उलटी फुलपट्टी तो दगड कसा पडला हे सांगत नाही, तो दुसऱ्यांदा वापरला गेला एवढेच सांगते. दुसरी, एकाच पुराव्यावर सगळे उभे करणे. पोर्तुगीजांचे पाल्मो हे माप सुमारे २२ सेंटिमीटरचे, म्हणून एखादा चिरा ४४ सेंटिमीटरचा निघाला की तो पोर्तुगीज ठरवणारे उत्साही लोक भेटतात. वीस-पंचवीस चिरे मोजल्याशिवाय ह्या अंदाजाला अर्थ नाही, आणि तेव्हाही तो आधाराचाच. तिसरी चूक दुरुस्तीला इतिहास समजण्याची. वेगळा रंग, वेगळी घडाई, निरुद्योगी खाच आणि दोन प्रकारचा चुना ह्या चारांपैकी किमान तीन गोष्टी एकाच दगडावर किंवा एकाच पट्ट्यात जुळल्या, तरच ‘बहुधा’ हा शब्द वापरावा. ‘निश्चित’ हा शब्द पुरातत्त्व विभागाच्या उत्खनन अहवालासाठी राखून ठेवावा.

नोंद कशी करावी

नोंद जागेवरच करावी, घरी येऊन नाही. दरवाजाचे एक साधे रेखाचित्र काढून संशयित दगडांना डावीकडून उजवीकडे आणि खालून वर क्रमांक द्यावेत; प्रत्येक क्रमांकापुढे लांबी, उंची, दगडाची जात, छिन्नीची चाल, खाच असल्यास तिची जागा, आणि सांध्यातला चुना एवढे लिहावे. प्रत्येक दगडाची दोन छायाचित्रे घ्यावीत, एक सरळ आणि एक तिरप्या उजेडात, आणि दोन्हींत मोजपट्टी दिसली पाहिजे. संपूर्ण दरवाजाच्या छायाचित्रावर तेच क्रमांक नंतर टाकावेत, म्हणजे वर्षभराने दुसरा कोणी गेला तरी त्याला तोच दगड सापडेल. अंदाज आणि निरीक्षण ही दोन वेगळी पाने ठेवावीत. निरीक्षणाच्या पानावर ‘जुना’, ‘पोर्तुगीज’, ‘मंदिराचा’ हे शब्द येऊ नयेत.

वसईसारखी स्थळे १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित आहेत. भिंत कोरणे, दगड हलवणे किंवा खणणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ड्रोन उडवायचा असेल किंवा तिपाई लावून व्यावसायिक चित्रीकरण करायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी. नुकताच सुटलेला चिरा, ताज्या सिमेंटखाली गेलेला लेख किंवा तोडलेली नक्षी दिसल्यास आपल्या क्रमांकित रेखाचित्रासह, तारीख घालून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला कळवावे. त्यांचे कार्यालय शीवच्या किल्ल्यापाशी आहे. अर्जाची पोच घेऊन तीही वहीत डकवून ठेवावी.